लॅपटॉपची खोड चारचौघांत

दुकानात पाऊल टाकणारा माणूस बसायच्या आधीच विचारतो, "ताई, कितव्या जनरेशनचा आहे?"

मी विचारते, "काम काय करणार त्याच्यावर?"

"ते बघू नंतर. आधी जनरेशन सांगा."

पायाचं माप न सांगता चप्पल मागावी, तसलाच हा प्रकार. जनरेशन म्हणजे लॅपटॉपच्या मेंदूची पिढी. दरवर्षी-दीड वर्षी एक नवी पिढी निघते आणि आधीची जुनी ठरते. ती बिघडत नाही, मंदावत नाही, फक्त जुनी ठरते. आणि ती जुनी झाली हे ठरवणारा माणूस तुमचंआमचं काम कधी जवळून बघणारा नसतो. हे मी एकवीस वर्षं सांगत आलेय आणि यापुढंही सांगणार आहे. कुणाला हट्ट वाटला तर वाटू दे.

एकवीसपैकी पहिली नऊ वर्षं मी शोरूमच्या काउंटरवर पगारी नोकर म्हणून नवे लॅपटॉप विकले. पुढची बारा आमच्या शहरातल्या टी.व्ही. सेंटर भागात माझ्या स्वतःच्या गाळ्यात जुने विकले आणि दुरुस्त केले. दोन्हीकडचं मीठ खाल्लेलं असल्यामुळं दोन्हीकडचं बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते. या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धंद्यातलं काही लिहा" म्हणून गळ घातली. त्यांचा लॅपटॉप नऊ वर्षांचा आहे आणि हा अंक त्याच्यावरच जुळवला जातोय. त्यांनी तो बदलू नये, अशी माझी जाहीर सूचना आहे.

जुना लॅपटॉप म्हणजे चोरीचा नाहीतर बिघडलेला, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नसतं. पुण्या-बंगळुरूच्या मोठाल्या कंपन्या शेकड्यांनी लॅपटॉप घेतात आणि तीन-चार वर्षांनी करार संपला की सगळेच्या सगळे काढून टाकतात. मग त्यांचे लॉट निघतात. लॉट आला की आम्ही एकेक यंत्र उघडतो, पंख्यातली धूळ काढतो, बॅटरी बदलतो, फिरत्या तबकडीची जुनी डिस्क काढून न फिरणारी नवी डिस्क बसवतो. एवढ्यानं यंत्राला पुन्हा चार-पाच वर्षं आरामात काढता येतात. ही ऑफिसवापराची जुनी मॉडेलं जाडजूड आणि वजनदार असतात, पण त्यांचं मागचं झाकण स्क्रूचं असतं. मेमरी खाचेत बसवलेली असते. कमी पडली तर दुसरी घालता येते.

नव्याचं तसं नाही. नवा हलका असतो, झपझप चालतो, बॅटरी दिवसभर पुरते. हे खोटं नाही आणि मी ते कधी नाकारत नाही. पण पुष्कळ पातळ मॉडेलांत मेमरी आतल्या मुख्य पाटीला, मदरबोर्डलाच, डाखलेली म्हणजे कायमची जोडलेली असते आणि बॅटरी चिकटवलेली असते. घेतला तेवढाच तो राहतो. गरज वाढली की नवा घ्या, हेच त्याचं उत्तर.

शोरूममधून मला काढलं ते याच्यावरूनच. 'काढलं' या शब्दाची मला लाज नाही. खुलताबादच्या एक निवृत्त शिक्षिका नवा लॅपटॉप घ्यायला आल्या होत्या. त्या आपल्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनींच्या आठवणी टाइप करत होत्या. घरचा लॅपटॉप चालू व्हायला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात कुकरच्या दोन शिट्ट्या होत. मी म्हटलं, "बाई, तो आणून दाखवा." दुसऱ्या दिवशी त्या घेऊन आल्या. मी डिस्क बदलली, मेमरी वाढवली. बाईंनी चालू करून बघितला आणि माझा हात हातात घेतला. मॅनेजर लांबून बघत होते.

त्यांनी आत बोलावलं. "मॅडम, तुम्ही पगार कुणाचा घेता?"

"तुमचा," मी म्हटलं. "पण प्रश्न त्यांनी मला विचारला होता, सर."

पुढच्या महिन्यात मी घरी होते.

गाळा घेतला तेव्हा खरी लढाई घरातच झाली. माझे वडील, आबा, चितेगावच्या कारखान्यात फिटर होते. आमच्या घरात दिवस 'जय भीम'नं सुरू होतो. आजोबांच्या पिढीनं धर्मांतर केलं, गावकीची कामं सोडली आणि त्याबरोबर दुसऱ्यानं टाकलेले कपडे, उरलेलं अन्न घेणंही सोडलं. आबांनी आम्हां भावंडांना आयुष्यात कधी कुणाचा जुना सदरा घालू दिला नाही. दोनच जोड असायचे, पण नवे असायचे. त्यांनी माझ्या गाळ्यातला पहिला लॉट बघितला आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेलं घ्यायचं नाय म्हणून आपल्या माणसांनी गाव सोडलं. आन तू उतरलेल्याचंच दुकान मांडायलीस?"

ते मला लागलं. आठवडाभर मी त्यांच्याशी नीट बोलले नाही, कारण उत्तर सापडत नव्हतं. मग एक लॅपटॉप घरी नेला आणि पेचकस त्यांच्या हातात दिला. फिटरचाच हात तो. त्यांनी झाकण काढलं, चष्मा चढवून आतला पंखा, नळी, बिजागरीचे पत्रे सगळं बघितलं. मी म्हटलं, "आबा, उतरलेलं म्हणजे दुसरा देतो आणि आपण मुकाट्यानं घेतो ते. मी मुकाट्यानं घेत नाही. उघडते, तपासते, अर्धा लॉट परत पाठवते. इथं निवडणारी मी आहे."

आबांनी झाकण परत बसवून स्क्रू आवळले. "ज्यानं बनवलंय त्यानं मन लावून बनवलंय," एवढंच म्हणाले. माझ्या धंद्याला ते शेवटपर्यंत हो म्हणाले नाहीत. पण त्या दिवसापासून मी एक नेम केला. गिऱ्हाइकासमोर मागचं झाकण उघडून दाखवल्याशिवाय लॅपटॉप विकायचा नाही. बघायचं नाही म्हणाला तरी दाखवायचं.

नाना तऱ्हेची माणसं येतात. एक गृहस्थ जावयाला द्यायला जुना लॅपटॉप घेऊन गेले आणि तासाभरानं परत आले. म्हणाले, "ताई, ह्याला नव्याचं खोकं मिळंल का? वरून सील मारून द्या, बास." मी म्हटलं, खोकं विकत नाही आणि जावयालाही फसवत नाही. ते रागावून गेले. जाताना लॅपटॉप मात्र घट्ट काखेत धरला होता. अशा वेळी मला माझ्या खरेपणाचा फार अभिमान वाटायचा. तो अभिमान पुढं कुठं जाऊन आपटला, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

गंगापूरकडच्या एका गावातले कोंडिबा आणि त्यांची मुलगी अर्चना एका दुपारी दुकानात आले. कोंडिबांचं घर मेंढरांवालं. आता मेंढरं थोडी राहिलीत, शेती थोडी आहे आणि उरलेले दिवस मजुरी. अर्चनानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता. कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग बनतात, त्यांची कॉम्प्युटरवर मापानिशी ड्रॉइंग करायची, हे तिला शिकायचं होतं. शिकली तर चितेगावच्या कारखान्यांत काम मिळण्यासारखं होतं. त्यासाठी घरी सराव हवा आणि सरावाला लॅपटॉप. तासाभरापूर्वीच ते एका शोरूममधून आले होते. तिथं त्यांना एक पातळ, चंदेरी लॅपटॉप दाखवला होता आणि जुना घ्याल तर पस्तावाल, असंही सांगितलं होतं.

ते ऐकलं आणि मी पेटले.

मी एक जाड, काळा, सहा वर्षांचा लॅपटॉप काढला. त्याचा मूळ वापरच ड्रॉइंगसाठी होता. मोठा स्क्रीन, वेगळी ग्राफिक्सची पाटी, उजवीकडं आकड्यांच्या कळांचा स्वतंत्र गट. ड्रॉइंग करणारा माणूस दिवसभर मापं टाकत असतो. त्याला या कळा हाताच्या बोटांइतक्या लागतात. अर्चनानं एक भाग उघडून तो स्क्रीनवर गोल फिरवून बघितला आणि तिचा चेहरा खुलला.

कोंडिबांनी लॅपटॉप उचलून वजन बघितलं. "मेंढी घेताना म्या तोंड उघडून दात बघतो, बाई. ह्याचं तोंड कुठं हाय?"

मी हसले आणि झाकण काढलं. त्यांनी प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवून विचारलं. हे काय, ते काय, हे मेलं तर काय करायचं. इतकं बारकाईनं बघणारं गिऱ्हाईक मला त्याआधी भेटलं नव्हतं. सगळं बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता ह्याची खोड सांगा."

"म्हणजे?"

"आमच्यात जनावर विकताना चारचौघांत खोड सांगून देत्यात. लाथ मारती, कोकरू पाजत नाय, काय असंल ती. सांगून दिली की मंग घेणाराची मर्जी. लपवून दिली तर इकणाराच्या तोंडाला काळं."

मी तीन खोडी सांगितल्या. बॅटरी दोन तासांवर जात नाही. वजन जास्त आहे. एका कोपऱ्याला ओरखडा आहे.

चौथी सांगितली नाही.

चौथी अशी होती. हल्लीची नवी ऑपरेटिंग सिस्टीम जुन्या पिढीच्या यंत्रांना स्वीकारत नाही. सुरक्षेची विशिष्ट चिप हवी, अमुक पिढीचा मेंदू हवा, असं ती बसवतानाच तपासते. आमच्या धंद्यात त्या तपासणीला वळसा घालायची युक्ती आहे. तिला आम्ही बायपास म्हणतो. सिस्टीम बसते आणि चालतेही. पण तो वळसा आहे. उद्या एखाद्या प्रोग्रॅमनं तीच तपासणी नव्यानं केली तर यंत्र उघडं पडतं. शेजारच्या गाळ्यातले सलीमभाई मदरबोर्डची बारीक कामं करतात आणि मला बाजी, म्हणजे ताई म्हणतात. ते तेव्हा माझ्याकडंच बसले होते. कोंडिबा आणि अर्चना पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा सलीमभाई हळूच म्हणाले, "बाजी, बायपास किया सो बोलके देव. कल कू कुछ हुआ तो?"

मी म्हटलं, "दो साल से सब के चल रहे ना, सलीमभाई."

का नाही सांगितलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. चार पैशांसाठी नव्हे. शोरूमवाल्यांनी त्यांना नवा दाखवला होता आणि मला तिथं जिंकायचं होतं. चौथी खोड सांगितली असती तर कोंडिबा कदाचित परत चंदेरीकडं गेले असते. तेवढं मला सहन झालं नसतं.

अर्चनानं आठ महिने त्या लॅपटॉपवर सराव केला. अडलं की फोन करायची. आधी 'मॅडम' म्हणायची, मग 'मावशी' म्हणायला लागली. कोंडिबा गावात सांगत सुटले, की बाई झाकण उघडून दाखवते, दात बघून घ्या. त्यांच्या शब्दावर तिघांनी माझ्याकडून लॅपटॉप नेले: गावातला एक किराणा दुकानदार, अंगणवाडीच्या ताई आणि कोंडिबांचे चुलतभाऊ. तिन्ही यंत्रांवर बायपास होता. त्यांनी खोड विचारली नाही आणि मी आपणहून सांगितली नाही.

मग चितेगावच्या एका कारखान्यानं ड्रॉइंगच्या कामासाठी माणसं मागवली. पहिली चाळणी घरी बसून, कॅमेऱ्यासमोर. दिलेल्या वेळात ठराविक ड्रॉइंग पूर्ण करायची. दोन दिवस आधी परीक्षेचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर बसवून यंत्र तपासून घ्यायचं होतं. अर्चनानं तपासलं. स्क्रीनवर आलं, हे यंत्र परीक्षेला पात्र नाही.

ती वडिलांना घेऊन जीपनं तडक दुकानात आली. मी आणि सलीमभाईंनी दीड दिवस डोकं आपटलं. प्रोग्रॅम सुरक्षेची चिप मागत होता आणि ती या यंत्रात नव्हतीच. शहरातल्या दोन नेट-कॅफेंत विचारलं. तिथले लॅपटॉप माझ्याच दुकानातून गेलेले होते, तेही अपात्र. अर्चना स्टुलावर बसून होती. रडत नव्हती, पण मोबाइलवर परीक्षेची वेळ पुन्हा पुन्हा बघत होती.

शेवटी मी काउंटरखालून एक कापडी पिशवी काढली. तिच्यात माझा स्वतःचा लॅपटॉप होता. कोरा करकरीत, पातळ, नव्या पिढीचा. मदरबोर्डचे मोठाले नकाशे उघडायला आणि बाहेरगावी असलेल्या माझ्या मुलीशी व्हिडिओवर बोलायला मी तो वर्षभरापूर्वी घेतला होता. गिऱ्हाईक आलं की पिशवीत घालायचे. खानावळीच्या मालकानं दुसऱ्याच्या हॉटेलात लपून जेवावं, तसली ही लाज.

कोंडिबांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

परीक्षा त्यांनी माझ्या गाळ्याच्या मागच्या खोलीत दिली, म्हणजे पोरीनं दिली आणि बाप दाराबाहेर उभा राहिला. यंत्र पात्र होतं, नेट चांगलं होतं. पण त्या पातळ लॅपटॉपवर आकड्यांचा वेगळा गट नव्हता. स्क्रीन लहान होता. आठ महिने तिचा उजवा हात ज्या कळांवर बसला होता, त्या कळाच तिथं नव्हत्या. वेगळा कीबोर्ड जोडायला नियमात परवानगी नव्हती. प्रत्येक माप टाकताना ती वरच्या ओळीतले आकडे शोधत होती. वेळ संपली तेव्हा शेवटची दोन ड्रॉइंग अर्धवट होती.

निकालात तिचं नाव नव्हतं.

त्यानंतर चार दिवसांनी कोंडिबा एकटे आले. मी लॅपटॉप परत घेते म्हटलं, पैसे देते म्हटलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"पैशाचं म्या म्हणायलोच नाय, बाई. खोडी चार होत्या, तुम्ही तीन सांगितल्या. माझ्या शब्दावर तिघांनी घेतलंय तुमच्याकून. त्यांला काय सांगू? तुम्हीच या गावात आन सांगा."

"मी फोन करून सांगते त्यांना."

"फोनवर नाय. चारचौघांत."

खरं सांगते, मला जायचं नव्हतं. बायपास सगळेच करतात, मी एकटीनं का सांगायचं, असंही मनात आलं. सलीमभाईंना विचारलं, तर ते पेचकस खाली न ठेवता म्हणाले, "उस दिन दुकान में बोलना था. अब गाँव में बोलो." दुसरं कुणी असतं तर भांडले असते.

रविवारी एसटीनं गेले, ती कापडी पिशवीही बरोबर घेतली. शाळेच्या ओट्यावर वीस-बावीस माणसं जमली होती. तिन्ही घरचे आपापले लॅपटॉप घेऊन आले होते. अर्चनाही होती, तिचा काळा लॅपटॉप मांडीवर घेऊन. मी उभी राहिले. शोरूममध्ये नऊ वर्षं लोकांसमोर बोलले होते, पण तिथं पहिलं वाक्य दोनदा सुरू केलं. मी सगळं सांगितलं. बायपास म्हणजे काय, तो कशाला घालतात, काय चालतं, कशात अडतं, आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुकानदार म्हणाला, "म्हंजी फसवलंच की."

"व्हय," मी म्हटलं, "फसवलं."

मग कोंडिबांचे चुलतभाऊ म्हणाले, "मंग तवाच शोरूमचं ऐकायला पाहिजे हुतं. जुनं ते जुनंच. नवंच घ्यावं माणसानं."

माफी मागायला गेलेल्या माणसानं मान खाली घालून बसावं, हे मला कळतं. पण ते वाक्य माझ्यानं ऐकून घेववलं नाही. मी पिशवीतून माझा पातळ लॅपटॉप काढला, ओट्यावर पालथा ठेवला आणि त्याचं झाकण सगळ्यांसमोर काढलं. ते काढायला नखं आणि पातळ पट्टी लागते, पाच-सात मिनिटं गेली. मी म्हटलं, "चुकी केली ती मी केली. जुन्याची खोड लपवली, म्हणून आज इथं उभी आहे. पण नव्याला खोड नाही असं कोण म्हणतं? बघा इथं. ही मेमरी डाखलेली आहे. कमी पडली तर काही करता येत नाही. ही बॅटरी चिकटवलीय. ह्याच्यावर ग्लासभर पाणी सांडलं तर आख्खी पाटी बदलायला लागते. अर्चनाची ड्रॉइंग ह्याच्यावर राहिली, ह्याच नव्यावर. दोन्ही बघा, दोन्हीच्या खोडी ऐका आणि मग तुमच्या कामाला काय लागतं ते तुम्ही ठरवा. शोरूमनं ठरवू नये आणि मीपण ठरवू नये."

अंगणवाडीच्या ताईंनी विचारलं, "माझे तक्ते आन फोटो चालतील का ह्याच्यावर?"

"आजच्या घडीला चालतील. उद्या सिस्टीमनं हरकत घेतली तर मी दुसरी सिस्टीम घालून देईन. तीही चालली नाही तर यंत्र परत घेईन."

त्यांनी लॅपटॉप ठेवून घेतला. दुकानदारानंही ठेवला. चुलतभावांनी परत दिला आणि मी तो तिथंच सगळ्यांसमोर घेतला. अर्चनाला म्हटलं, तुझाही बदलून देते. ती म्हणाली, "नको, मावशी. यंत्र चांगलंय. तुमचं सांगायचं राहिलं, तेवढंच."

तेवढंच, ती म्हणाली. मला मात्र ते 'तेवढंच' वाटलं नाही. एसटीत बसून परत येताना मी खिडकीकडं तोंड करून रडले.

त्यानंतर दुकानातल्या प्रत्येक लॅपटॉपला मी एक पुठ्ठ्याचा कागद दोऱ्यानं बांधायला सुरुवात केली. त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, या यंत्रावर काय चालणार नाही. सलीमभाईंनी पहिला कागद वाचला आणि म्हणाले, "दुकान बंद करने का इरादा है क्या, बाजी?" विक्री खरोखर घसरली. काही गिऱ्हाइकं कागद वाचून उठून जातात. धंद्यातल्या काहीजणांनी फोन करून झापलं, की तुम्ही आमचंही गिऱ्हाईक बिघडवताय. मी म्हटलं, तुम्हीही कागद बांधा. कुणी बांधला नाही. माझा मात्र आजही बांधलेला आहे, आणि जुना लॅपटॉप घेणं ही गरिबाची तडजोड आहे असं जो म्हणेल त्याच्याशी भांडायची माझी आजही तयारी आहे.

अर्चनाचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. आज ती त्याच कारखान्यात ड्रॉइंग करते. सहा महिन्यांनी त्यांनी पुन्हा माणसं मागवली तेव्हा तिनं परत अर्ज केला आणि यावेळी तिची ड्रॉइंग वेळेच्या आधी झाली. पण मला सांगायचंय ते त्या परीक्षेच्या आधीचं.

परीक्षेला पात्र आणि आकड्यांच्या कळांचा वेगळा गट असलेला, असा लॅपटॉप तिला हवा होता. नेमका माझ्याकडं तेव्हा तसा एकही नव्हता. मला काढणारी शोरूम तर केव्हाच बंद पडली आहे. म्हणून आम्ही जालना रोडवरच्या एका दुसऱ्याच दुकानात गेलो. नवे, पेटीबंद लॅपटॉप विकणारं दुकान. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अर्चना म्हणाली, "मावशी, तुम्ही बसा. म्या इचारते."

आणि तिनं विचारलं. चिप कोणती, कळा कुठं आहेत, मेमरी डाखलेली का खाचेतली, बॅटरी कोण बदलून देईल. विक्रेता आत जाऊन मालकांना घेऊन आला. मालकांनी मला ओळखलं. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. ते अर्चनाला हसत हसत म्हणाले, "ताई, तुम्ही चांगल्या ठिकाणी आलात. ह्यांच्या दुकानातला जुना घेऊन गंगापूरकडच्या एका पोरीची परीक्षा बुडाली म्हणतात. सगळ्या बाजाराला माहितीय."

ते खरं होतं.

अर्चनानं कळांवरचा हात काढला नाही. एकेक आकडा दाबून बघत राहिली आणि म्हणाली, "ती पोरगी म्याच हाय, काका. बाजाराला माहीत झालं, कारण ह्यांनी आमच्या गावात येऊन चारचौघांत सांगितलं. तुमच्याकून कोण आलतं का खोड सांगायला, आजपतोर?"

अर्चनानं तो लॅपटॉप बाजूला सारला आणि शेजारचा दाखवायला सांगितलं.